दिव्य, असत्यशोधक यंत्र आणि विज्ञानेश्वराची शंका

पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका खुनाच्या खटल्याचा निकाल दिला. प्रसादातून सोमल घालून पूर्वीच्या वाग्दत्त वराचा जीव घेतल्याचा आरोप एका तरुण विद्यार्थिनीवर होता. न्यायालयापुढे इतर पुरावा होताच. परंतु ह्या निकालाची जगभर चर्चा झाली ती वेगळ्याच कारणाने. चौकशीच्या वेळी आरोपीच्या मस्तकावर ३२ विद्युदग्रे बसवून तिला काही वाक्ये ऐकविण्यात आली होती. ती वाक्ये प्रथमपुरुषी होती, म्हणजे ‘मी सोमल विकत घेतला’ अशा धर्तीची. तिने तोंडातून एक शब्दही उच्चारावयाचा नव्हता. मेंदूतील विद्युत्स्पंदनांवरून, ह्या घटनांचा तिला केवळ ऐकीव नव्हे तर प्रत्यक्ष अनुभव आहे, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला, आणि न्यायालयाने तो आपल्या निकालपत्रात विस्ताराने समर्थनीय ठरविला. त्याच वर्षी बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने मात्र असा अभिप्राय दिला की, ह्या पद्धतीस पुरेसा शास्त्रीय आधार नाही व न्यायालयात तिचा पुरावा म्हणून उपयोग होऊ नये.

ज्या प्रदेशात हा खटला चालला त्या प्रदेशाला हा प्रश्न नवा नव्हता. देहाला बोलते करून मनातील सत्य काढून घेण्याचा उद्योग महाराष्ट्रात फार जुना आहे. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांची कागदपत्रे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना रवा दिव्य परिचित असते. पाटीलकी वा कुलकर्ण कोणाचे, ह्याचा निवाडा कागदांनी व साक्षीदारांनी होईना, तेव्हा वादी किंवा प्रतिवादी ह्याने कढत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढावयाचा. आधी हात धुऊन, नखे काढून तपासावयाचे. नंतर हातावर पिशवी घालून मोहर करावयाची. आणि ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष ती उघडून, हात निर्मळ असेल तर तो खरा झाला, भाजला असेल तर खोटा झाला, असे महजरात लिहावयाचे. वि. त्र्यं. गुणे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात अशा निवाड्यांचा साक्षेपाने परामर्श घेतला आहे.

ह्या प्रथेला रानटी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. युरोपातही १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने धर्मगुरूंना दिव्याच्या विधीत भाग घेण्यास मनाई करीपर्यंत ती चालूच होती. परंतु शास्त्रकारांनी दिव्याभोवती घातलेली कुंपणे पाहिली म्हणजे घाईने मत देणे योग्य वाटत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे लिखित, भुक्ती आणि साक्षी ही मानुष प्रमाणे होत. ह्यांपैकी एकही उपलब्ध नसेल तरच दिव्याकडे वळावयाचे. तुला, अग्नी, उदक, विष व कोश ही पाच दिव्ये तर केवळ मोठ्या अभियोगांसाठी सांगितली आहेत, आणि तीही अभियोक्ता ‘शीर्षकस्थ’ असेल तेव्हा. आरोपी दिव्यातून शुद्ध उतरला तर दंड आपण सोसू, असे आरोप करणाऱ्याने आधी पत्करले पाहिजे, हा ह्या शब्दाचा अर्थ. म्हणजे संशयाची जोखीम एकट्या संशयितावर नसे.

आधुनिक यंत्राचे खरे पूर्वज शोधावयाचे तर अग्निदिव्यापेक्षा तंडुलदिव्याकडे पाहावे लागेल. चोरीच्या संशयात हे देत. संशयिताने तांदूळ चघळून थुंकावयाचे. थुंकीत रक्त दिसले, टाळू सोलली गेली, अंग कापू लागले, तर तो दोषी. भयाने तोंडाला कोरड पडते, हे निरीक्षण ह्यामागे असावे असे मानण्यास जागा आहे. असत्यशोधक यंत्राचे तत्त्व ह्याहून मूलतः वेगळे नाही. विल्यम मार्स्टन ह्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रक्तदाब व असत्य ह्यांचा संबंध जोडला. जॉन लार्सन ह्याने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे रक्तदाब व श्वसन ह्यांची एकत्र नोंद करणारे यंत्र सिद्ध केले. नाडी, श्वास, रक्तदाब, त्वचेवरील घाम ह्यांची नोंद ते यंत्र करते. असत्याची नोंद ते करीत नाही. ती परीक्षक करतो. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९२३ साली फ्राय खटल्यात मार्स्टनच्या चाचणीची साक्ष नाकारली, ती अशा पद्धतीस तज्ज्ञांमध्ये अद्याप सर्वमान्यता नाही म्हणून.

येथे मिताक्षरेतील एक स्थळ विशेष विचारार्ह आहे. याज्ञवल्क्याने खोट्या पक्षकाराची व साक्षीदाराची लक्षणे दिली आहेत. तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उडतो. ह्यावर विज्ञानेश्वर म्हणतो की, ह्या लक्षणांनी दोषाची केवळ संभावना कळते, निश्चय होत नाही. कारण स्वाभाविक विकार कोणता आणि निमित्ताने उत्पन्न झालेला कोणता, हा विवेक करणे दुष्कर आहे. एवढ्यावर तो थांबत नाही. एखाद्या निपुण माणसाला हा विवेक साधला, तरीही तेवढ्यावरून पक्षकाराला पराजित ठरविता येणार नाही. मरणाची चिन्हे दिसली म्हणून कोणी उत्तरक्रिया करीत नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (१०७६–११२६) हे लिहिले गेले, आणि आजच्या मराठवाड्याचा बराच भाग तेव्हा ह्याच राजसत्तेखाली होता. मिताक्षरेतील दायविभागाचा अनुवाद कोलब्रुकने १८१० साली केला व तो पुढे न्यायालयांतून सतत उद्धृत झाला. व्यवहाराच्या ह्या भागाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

विज्ञानेश्वराची पहिली शंका अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात आकड्यांनी मांडली. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असे समजा, आणि त्यांतील ८ सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवा. चाचणीच्या अचूकतेविषयी बरेच उदार गृहीत धरले तरी सुमारे १,६०० माणसे संशयित ठरतील. त्यांत हेर ८. बाकीचे सारे निरपराध, आणि दोन हेर निर्दोष ठरून बाहेर. गुन्ह्याच्या चौकशीत संशयित थोडे असतात, म्हणून हे प्रमाण तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही, हे खरे. तथापि निरपराध माणसाचे भय आणि अपराध्याचे भय यंत्रावर सारखीच रेघ उमटविते, ही अडचण तेथेही सुटत नाही. उलट, पोलीस कोठडीतील माणसाला भय वाटण्यास अपराधाची गरज नसते.

भारतीय न्यायालयांनी ह्या प्रश्नाचे उत्तर एकदम दिले नाही. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणातून उद्भवलेल्या रामचंद्र रेड्डी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली अशा चाचण्यांना घटनात्मक बाध नाही असे मानले. यंत्रावरील नोंद म्हणजे आरोपीचे निवेदन नव्हे, अशी त्यामागील विचारसरणी होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात ती अमान्य केली. अनुच्छेद २०(३) व २१ ह्यांच्या आधारे, संमतीवाचून असत्यशोधन, नार्को अथवा मेंदूपरीक्षण करता येणार नाही, असा निर्णय झाला. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा नव्हे. तिच्यामुळे पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली, तर तेवढी पुरावा कायद्याच्या कलम २७ अन्वये ग्राह्य ठरू शकेल. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम २३ च्या परंतुकात आली आहे.

सेल्वी निर्णयाने सारा भार संमतीवर टाकला आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला येथेच थबकावे लागते. दिव्याचा खरा प्रभाव तेल कढण्याआधीच पडत असे. दिव्यास जो कचरला तो खोटा, असे गोत समजे, व पुष्कळदा तेवढ्यावरच तंटा मिटे. कोठडीतील माणसाने चाचणीस नकार दिला, तर त्या नकाराचा अर्थ तपास अधिकारी आणि गाव काय लावतील, ह्यावर कोणत्याही कलमाची सत्ता चालत नाही. पुण्याच्या खटल्यातील विद्यार्थिनीनेही चाचणीस संमती दिली होती. शिवाय अभियोक्त्याने शीर्षकस्थ होण्याची अट आजच्या चाचणीत नाही. यंत्र चुकले तर तपास करणाऱ्याला काहीच भोगावे लागत नाही. ह्या बाबतीत स्मृतिकारही सर्वस्वी निर्दोष नव्हते. राजद्रोहाचा आरोप असेल तर अभियोक्ता शीर्षकस्थ नसतानाही दिव्य द्यावे, अशी सवलत याज्ञवल्क्याने राजसत्तेसाठी राखून ठेवलीच होती.