एसएलआर (रायफल)

एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल, अर्थात स्वयंभरण रायफल) ही ७.६२ × ५१ मिमी काडतूस वापरणारी, भारतात तयार झालेली अर्धस्वयंचलित रायफल आहे. तिचे अधिकृत नाव '१ए१' असे आहे. १९६० च्या दशकापासून सुमारे तीन दशके ती भारतीय पायदळाचे मुख्य शस्त्र होती. सैन्यातून मागे पडल्यावर ती निमलष्करी व राज्य पोलीस दलांच्या शस्त्रागारांत आली. अनेक देशांत सैन्याने टाकून दिलेल्या अशा रायफली नागरिकांना विकल्या जातात. भारतात मात्र त्या दुकानात मिळत नाहीत. एका सरकारी दलाकडून दुसऱ्या सरकारी दलाकडे जातात. त्यामुळे भारतात जुन्या लष्करी रायफलीची 'निवड' हा ग्राहकाचा नव्हे, तर पोलीस प्रशासनाचा प्रश्न आहे.

रचना

अर्धस्वयंचलित रायफलीत एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामे काडतूस बाहेर फेकणे व नवे नळीत भरणे ही कामे रायफल स्वतः करते. एसएलआरमध्ये यासाठी नळीतील थोडा वायू वरच्या बाजूच्या दट्ट्यावर सोडला जातो. दट्ट्या मागे सरकतो आणि बोल्ट उघडतो. वायू नियंत्रकाची कडी फिरवून हा दाब कमी-जास्त करता येतो. धूळ किंवा काजळीमुळे रायफल अडखळू लागली, तर जवान ही कडी फिरवून दट्ट्याला अधिक जोर देतो.

रायफलीची लांबी सुमारे ११४ सेंमी, वजन रिकामी असताना ४ किलोहून अधिक आणि मॅगझिनची क्षमता २० काडतुसांची आहे. दस्ता लाकडी असतो.

भारतातील निवड

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने .३०३ ली-एनफिल्ड होती. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो. त्याच सुमारास अनेक देशांनी बेल्जियमच्या फाब्रिक नासिओनाल कंपनीची, द्यूदोने सैव्ह यांनी रचलेली एफएएल रायफल स्वीकारली होती. परवान्याची बोलणी फिसकटल्यावर भारतीय शस्त्र संशोधन व विकास आस्थापनेने (एआरडीई) परदेशी नमुने तपासून स्वतःचा आराखडा केला. उत्पादन पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्यात झाले. मूळ बेल्जियन किंवा ब्रिटिश रायफलीचे सर्वच भाग या रायफलीला बसत नाहीत. नक्कल म्हणून हिणवले जाणारे हे शस्त्र प्रत्यक्षात काहीसे वेगळे आहे.

१९९० च्या दशकाअखेरीस ५.५६ मिमीची इन्सास रायफल आली आणि एसएलआर सैन्यातून मागे पडली. तरीही २०१९ मध्ये सैन्याने अमेरिकी बनावटीच्या सिग ७१६ रायफलींची मागणी नोंदवली, तेव्हा काडतूस पुन्हा ७.६२ × ५१ मिमीचेच होते.

पोलीस दलांत

पोलिसांच्या दृष्टीने एसएलआरची तुलना इन्सासशी कमी आणि .३०३ शी अधिक होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर .३०३ ला निरोप दिला आणि तिच्या जागी इन्सास व एसएलआर घेतल्या. महाराष्ट्रात या प्रश्नाची तीव्रता २६ नोव्हेंबर २००८ रोजी दिसली. समुद्रमार्गे आलेल्या हल्लेखोरांकडे एके मालिकेतील रायफली होत्या. समोरच्या पोलिसांपैकी अनेकांकडे.३०३, पिस्तूल किंवा केवळ लाठी होती. पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी पुढे राम प्रधान समितीने केली.

.३०३ च्या तुलनेत एसएलआरने गोळ्या भराभर झाडता येतात. पण केवळ वेग पाहून ती निवडणे चुकीचे ठरेल. तिची गोळी सेकंदाला ८०० मीटरहून अधिक वेगाने निघते आणि लक्ष्याच्या आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. गर्दीच्या स्थानकावर हा दोष गंभीर आहे. गस्ती नौकेच्या अरुंद जागेत तिची लांबी अडते. खाऱ्या हवेत पोलादाला गंज लवकर चढत असल्याने किनाऱ्यावर ती नेमाने पुसून, तेल देऊन ठेवावी लागते.

नागरिकांसाठी कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार चाप दाबून धरल्यास गोळ्या सुटत राहतील अशी बंदूक निषिद्ध शस्त्र ठरते. एसएलआर तशी नाही; तरीही नागरिकाला तिचा सर्वसाधारण परवाना मिळत नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित शस्त्रे, तसेच .३०३ किंवा ७.६२ मिमीची लष्करी काडतुसे डागू शकणाऱ्या रायफली सर्वांत कडक वर्गात मोडतात. कसोटी केवळ यंत्रणेची नाही, काडतुसाचीही आहे. शासकीय दारूगोळा खासगी बंदुकीत चालू नये, हे धोरण ब्रिटिश काळापासूनचे आहे, ईशापूरची.३१५ बोअरची शिकारी रायफल त्याच धोरणातून आली.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील परवानाधारक शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि निषिद्ध शस्त्र बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षे केली.

इतर देशांत चित्र भिन्न आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील एम-१ गॅरंड रायफली पात्र नागरिकांना आजही विकल्या जातात. ब्रिटनने हंगरफर्ड हत्याकांडानंतर १९८८ मध्ये, ऑस्ट्रेलियाने पोर्ट आर्थरनंतर १९९६ मध्ये आणि न्यूझीलंडने क्राइस्टचर्चनंतर २०१९ मध्ये अर्धस्वयंचलित रायफलींवर कठोर निर्बंध आणले.

रायगड किनारा

लष्करी रायफली कायद्याबाहेरच्या मार्गाने कशा येतात, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण रायगड जिल्ह्यातील आहे. ९ जानेवारी १९९३ रोजी दिघी येथे आणि ३ व ७ फेब्रुवारीला श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे तस्करीचा माल उतरवण्यात आला. शेखाडीच्या मालात आरडीएक्स व एके-५६ रायफली होत्या. १२ मार्चच्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. २१ मार्च २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सीमाशुल्क विभाग व पोलिसांवर ताशेरे ओढले. एके-५६ ही चिनी बनावटीची रायफल एकेक गोळीही झाडते आणि सलगही; म्हणून ती थेट निषिद्ध वर्गात येते. बातम्यांत सर्वांनाच 'एके-४७' म्हणण्याची पद्धत असल्याने हा फरक वाचकांच्या नजरेतून सुटतो.

२००५ नंतरच्या सागरी सुरक्षा योजनेतून किनारी राज्यांना सागरी पोलीस ठाणी व गस्ती नौका मिळाल्या. रायगडमध्ये मांडवा व दिघी येथे अशी ठाणी आहेत.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरजवळ एक बेवारस नौका किनाऱ्याला लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली आणि राज्यभर सतर्कतेचा इशारा देण्यात आला. नौका ऑस्ट्रेलियन मालकीची असून मस्कतहून युरोपला जाताना इंजिन बिघडल्याने सोडून द्यावी लागली आणि भरकटत आली, अशी माहिती उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत दिली. चाचेगिरीच्या भीतीने अरबी समुद्रातील खासगी जहाजांवर सशस्त्र रक्षक ठेवले जातात. त्यांचे शस्त्र समुद्रात परवान्याने असले, तरी श्रीवर्धनच्या वाळूवर येताच त्याला भारतीय शस्त्र अधिनियम लागू होतो.