एबी फॉर्मची कुळकथा

उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी लातूरच्या किंवा नांदेडच्या जिल्हाधिकारी कचेरीबाहेर एकच प्रश्न घुमत असतो: "एबी आला का?" गुडघ्याला बाशिंग बांधलेले चार-पाच इच्छुक, त्यांच्यामागं गळ्यात एकाच रंगाचे गमछे घातलेली माणसं, आणि सगळ्यांची नजर मुंबईहून निघालेल्या एखाद्या गाडीच्या वाटेवर. तीन वाजायच्या आत तो कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला, तर माणूस पक्षाचा. तीन वाजून गेले की तोच माणूस अपक्ष, मग त्यानं पक्षासाठी तीस वर्षं सतरंज्या उचललेल्या असोत.

हा कागद जन्मला 1968 साली, निवडणूक आयोगाच्या चिन्ह आदेशातून. फॉर्म 'ए'मध्ये पक्ष सांगतो की सही करायचा अधिकार कुणाला. फॉर्म 'बी'मध्ये तो अधिकारी सांगतो की आमचा उमेदवार अमुक, आणि त्याचा अर्ज बाद झाला तर तमुक. या तमुकालाच आपण 'डमी' म्हणतो. सही शाईचीच लागते, रबरी शिक्का चालत नाही. कायद्याला हवं ते इतकंच. ती सही करण्याआधी कुणाला विचारलं, कार्यकर्त्यांना की मेहुण्याला, याची चौकशी आदेशात कुठंही नाही. तालुक्याला निरीक्षक येतात, विश्रामगृहावर मुलाखती होतात, शक्तिप्रदर्शनाच्या गाड्या मोजल्या जातात, यादी प्रदेशच्या पार्लमेंटरी बोर्डात जाते आणि तिथून दिल्लीला. हा सगळा पक्षाचा घरचा रिवाज. कायदा फक्त शेवटची सही बघतो.

अमेरिकेतही सुरुवात कागदापासूनच झाली, पण तो कागद वेगळ्या वाटेनं गेला. एकोणिसाव्या शतकात तिकडं सरकार मतपत्रिका छापत नसे, पक्ष छापत. आपल्या सगळ्या उमेदवारांची नावं असलेली लांब पट्टी पक्षाची माणसं मतदाराच्या हातात देत, आणि तो ती पेटीत टाकी. तिचं नाव 'तिकीट'. पट्टीचा रंग लांबूनही दिसायचा, त्यामुळं दारू पाजून आणलेला मतदार कुठं मत देतो हे ठेकेदाराला उभ्या जागी कळे. 1888 पासून मॅसॅच्युसेट्सनं, आणि त्यामागून बाकी राज्यांनी, सरकारी गुप्त मतपत्रिका आणली. आता सरकारच नावं छापणार म्हटल्यावर पेच पडला: पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण, हे सरकारनं कुणाला विचारायचं?

नेमका हाच प्रश्न पुढं आपल्या आयोगाला पडला. आपण म्हटलं, पक्षाच्या सहीवाल्याला विचारा. विस्कॉन्सिननं म्हटलं, मतदाराला विचारा.

तिथं रॉबर्ट ला फॉलेट नावाचा हट्टी माणूस होता. 1896 आणि 1898 अशी दोनदा त्यानं रिपब्लिकन पक्षाकडं गव्हर्नरपदाची उमेदवारी मागितली, आणि दोन्ही वेळा पक्षाच्या अधिवेशनात पुढाऱ्यांनी त्याचा पत्ता कापला. आपल्याकडं अशा वेळी माणूस बंडखोरी करतो नाहीतर महामंडळ घेऊन गप्प बसतो. ला फॉलेट 1900 साली गव्हर्नर झाला आणि त्यानं अधिवेशनाचा तो अधिकारच काढून घेतला. उमेदवार ठरवण्यासाठीही सरकारी खर्चानं, सरकारी केंद्रांवर, गुप्त मतदान घ्यायचं, असा कायदा 1903 साली झाला, 1904 च्या सार्वमतात तो टिकला आणि 1906 मध्ये राज्यभर अमलात आला. प्राथमिक निवडणूक, म्हणजे 'प्रायमरी', ती हीच.

हिला मखरात बसवायचं कारण नाही. टेक्साससारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचं एकहाती राज्य होतं. तिथं प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक नुसता उपचार. आणि त्या प्रायमरीत काळ्या मतदारांना मज्जाव होता. पक्ष ही खासगी संघटना, कुणाला आत घ्यायचं ते आम्ही ठरवू, हा युक्तिवाद. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1944 साली मोडून काढला. पक्षाचं तिकीट हीच जिथं खुर्ची असते, तिथं तिकीट ठरवणं हे घरचं काम उरत नाही, असा त्या निकालाचा मला लागलेला अर्थ.

तिकीट हीच खुर्ची असणं लातूरला नवीन नाही. 1977 साली लातुरातून शेकापचे उद्धवराव पाटील आणि नांदेडातून केशवराव धोंडगे निवडून आले. पण 1980 पासून 1999 पर्यंत लातूरची लोकसभा सलग सात वेळा शिवराज पाटील चाकूरकरांनी जिंकली. ती वीस वर्षं लातूरच्या मतदारापुढं उमेदवाराचा प्रश्न आला तो दिल्लीत सुटूनच. 2004 मध्ये रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांना हरवलं. 2009 ला मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि काँग्रेसनं उमेदवार दिला तो कोल्हापूर जिल्ह्यातला, जयवंतराव आवळे. ते आठ हजारांच्या आसपास मतांनी कसेबसे निघाले. 'आयात उमेदवार' हा शब्द लातुरात तेव्हा चहाच्या टपरीवरही ऐकू येई.

आणि मग 2014. जानेवारीत राहुल गांधींनी जाहीर केलं की देशात पंधरा-एक मतदारसंघांत काँग्रेसचा उमेदवार कार्यकर्ते मतदानानं ठरवतील. महाराष्ट्रातून वर्धा आणि लातूर. या लातूर मतदारसंघात नांदेड जिल्ह्यातलं लोहाही येतं, म्हणजे प्रयोगात नांदेडचाही एक कोपरा होता. विलासराव देशमुख जाऊन दीड वर्ष झालं होतं. जिल्ह्यात 'साहेब सांगतील तो' म्हणायची सोय पहिल्यांदाच नव्हती. अशा वेळी कार्यकर्त्याला मतपेटी मिळाली, हे लहान नव्हतं. फक्त ती विस्कॉन्सिनची मतपेटी नव्हती. मत होतं पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना, निवडून आलेल्या सदस्यांना, युवक, महिला आणि विद्यार्थी संघटनांच्या माणसांना. औसा रोडवरच्या दुकानदाराला किंवा अहमदपूरच्या शेतमजुराला त्यात काही काम नव्हतं. मतदान पक्षाचं, यादी पक्षाची, तक्रार ऐकणारेही पक्षाचेच.

लातुरात दत्तात्रय बनसोडे जिंकले. वर्ध्यात चारुलता टोकस यांना मागं टाकून सागर मेघे जिंकले, म्हणजे विद्यमान खासदार दत्ता मेघेंचे चिरंजीव. घराणेशाहीवर उतारा म्हणून आणलेल्या औषधानं घराण्यालाच ताकद दिली, असं तेव्हा अनेकजण म्हणाले, आणि खोटं नव्हतं. पण प्रयोगाचं खरं पाणी कळलं ते गुजरातेत. वडोदऱ्यात नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले. मग तिथून नरेंद्र मोदी उभे राहणार असं ठरलं, रावतांनी जागा सोडली आणि उमेदवारी मधुसूदन मिस्त्रींना मिळाली. त्याविरुद्ध कुणी कोर्टात जाऊ शकत नव्हतं. मतं कार्यकर्त्यांनी दिली तरी 'बी' फॉर्मवरची शाई दिल्लीच्याच दौतीतली होती.

मे महिन्यात निकाल लागला. लातुरात भाजपचे सुनील गायकवाड अडीच लाखांहून अधिक मतांनी जिंकले, वर्ध्यात रामदास तडस दोन लाखांहून अधिक मतांनी. आणि शेजारच्या नांदेडात, जिथं प्रायमरी-बियमरी काही नव्हती, तिकीट सरळ वरून आलं होतं, तिथं अशोक चव्हाण एक्याऐंशी हजारांनी निवडून आले. त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसला मिळालेल्या दोनच जागा, नांदेड आणि हिंगोली. मुंबईत मग हिशेब सोपा झाला: मतदान घेतलं तिथं पडलो, नाही घेतलं तिथं तरलो. हा हिशेब चुकीचा आहे. मोदी लाटेत बनसोड्यांच्या जागी कुणीही असता तरी वाहून गेला असता, आणि नांदेड तरलं ते चव्हाण घराण्याच्या जुन्या बांधणीवर. पण पुढाऱ्यांना नको असलेली गोष्ट बंद करायला चुकीचा हिशेबही पुरतो. 2019 ला लातुरात काँग्रेसनं मच्छिंद्र कामंत यांना उभं केलं ते जुन्याच पद्धतीनं, आणि ते बनसोड्यांपेक्षाही मोठ्या फरकानं हरले. तेव्हा मात्र जुन्या पद्धतीला कुणी दोष दिला नाही.

खरी प्रायमरी लढलेला मराठी माणूस बघायचा तर मिशिगनला जावं लागतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 साली तिथं गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. 2022 च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट भागातल्या तेराव्या मतदारसंघात नऊ उमेदवार होते. त्यांत अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन ते जिंकले. मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक, म्हणजे ऑगस्टमध्येच निकाल लागल्यात जमा. मिशिगनमध्ये मतदाराला कुठल्या पक्षाचं सभासदही व्हावं लागत नाही. केंद्रावर जायचं आणि एका पक्षाच्या रकान्यात खूण करायची. पक्षाच्या कुणा अध्यक्षाची सही ठाणेदारांना लागली नाही. लागला तो पैसा, आणि तो त्यांनी स्वतःचा ओतला. बाकीच्यांत मतं फुटली, आणि पन्नासच्या दशकापासून डेट्रॉइटकडं असलेलं काळ्या समाजाचं प्रतिनिधित्व तिथं खंडित झालं. पद्धत बदलली की रुसवे संपतात असं नाही, ते दुसऱ्या घरी जातात.

लातुरात रुसवा मतदानयंत्रावर निघतो. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणची जागा युतीत शिवसेनेकडं गेली. 2014 ला इथं भाजपकडून लढलेले रमेश कराड आणि त्यांची माणसं पाच वर्षं तयारीत होती. त्यांना कुणी विचारलं नाही. काँग्रेसचे धीरज देशमुख लाखाहून अधिक फरकानं जिंकले, ते अपेक्षितच. पण दुसरा क्रमांक सेनेच्या उमेदवाराचा नव्हता. तो होता 'नोटा'चा, 27 हजारांवर मतं घेऊन. ज्यांना तिकिटाच्या वेळी मत नव्हतं, त्यांनी ते असं उशिरा आणि फुकट खर्चून टाकलं. 2024 ला भाजपनं ती जागा स्वतःकडं घेतली, एबी फॉर्म कराडांच्या नावानं आला आणि ते धीरज देशमुखांना हरवून आमदार झाले.