वितळलेले आइस्क्रीम आणि होडीचे इंजिन

विस्कॉन्सिनमधील ओकॉची सरोवरावर ओले एव्हिनरूड प्रेयसी बेससाठी आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेला. परतेपर्यंत ते वितळले. होडीच्या मागे अडकवायची आउटबोर्ड मोटर त्यातूनच सुचली, अशी आख्यायिका आहे. १९०९ मध्ये ती विक्रीस आली : दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. कॅमेरॉन वॉटरमनची मोटर त्याआधीच बाजारात होती. पण तिच्यामागे आइस्क्रीम नव्हते!

वल्ही फेकून देण्याचे आवाहन करणारी गाजलेली जाहिरात बेसचीच. हिशेबही तीच सांभाळी. तिच्या ढासळत्या प्रकृतीपायी ओलेने १९१४ मध्ये भरभराटीचा धंदा विकला. संग्राहकांच्या जिव्हाळ्याला हा प्रसंग आइस्क्रीमहून अधिक पात्र ठरावा.

२०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन थांबले. अमेरिकेतील संग्राहक मात्र जुन्या मोटरी आजही पाण्यावर चालवतात, चक्राची मूठ हाताने फिरवून.