पडद्याआडची अ‍ॅप्स आणि दिवेलागणीपूर्वी संपणारी बॅटरी

टी-मोबाइल कंपनीने २२ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेत 'जी१' हा फोन विक्रीस आणला. तैवानच्या एचटीसी कंपनीने घडविलेला हा फोन म्हणजे गुगलच्या अँड्रॉइड या कार्यप्रणालीवर चालणारा बाजारातील पहिला फोन. सरकवून उघडणारा कळफलक, ३.२ इंचांचा स्पर्शपडदा, ५२८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १९२ मेगाबाइट रॅम आणि ११५० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी, असा त्याचा संसार होता. ग्राहकांना मनस्ताप दिला तो यातील शेवटच्या आकड्याने. सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन सायंकाळी घरी परतताना खिशात निपचित पडलेला असे. मागचे झाकण काढता येत असल्याने अनेकजण दुसरी बॅटरी जवळ बाळगू लागले.

दोष बॅटरीचाच, असे कोणालाही वाटावे. परंतु आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला, टॉर्चवाला नोकिया ११०० आठवून पाहा. २००३ सालच्या त्या फोनची बॅटरी केवळ ८५० मिलिअँपिअर-तासांची होती. तरी तीन-चार दिवस चार्जरची आठवण होत नसे. मोठ्या बॅटरीचा फोन दिवसभर टिकत नाही आणि छोट्या बॅटरीचा अनेक दिवस टिकतो, याचा अर्थ प्रश्न साठवणुकीचा कमी आणि खर्चाचा अधिक आहे. मोठा, उजळ पडदा हा त्या खर्चातील उघड भाग. तो निदान डोळ्यांना दिसतो. पडदा विझल्यानंतर, फोन खिशात असताना होणारा खर्च मात्र कोणालाच दिसत नव्हता.

अ‍ॅपलने या बाबतीत सोवळे पाळले होते. २००७ साली आलेल्या आयफोनमध्ये बाहेरच्या कंपन्यांच्या अ‍ॅप्सना २००८ साली प्रवेश मिळाला, पण वापरकर्त्याने अ‍ॅप सोडले की त्याचे काम तेथेच थांबे. २००९ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने निरोप पोहोचविण्याची केंद्रीय सेवा सुरू केली आणि मर्यादित स्वरूपात पडद्याआड काम करण्याची मुभा २०१० साली दिली. अँड्रॉइडचे धोरण पहिल्या दिवसापासून उदार होते. गाणी वाजत असताना पत्र लिहावे, त्याच वेळी मागे टपाल तपासले जावे, ही त्याची मिरविण्याची बाब होती. या उदारतेची किंमत बॅटरीने मोजली.

मग उपाय म्हणून 'टास्क किलर' नावाच्या अ‍ॅप्सची लाट आली. मागे चालू असलेल्या अ‍ॅप्सची यादी दाखवायची आणि एका स्पर्शात सर्वांचा निकाल लावायचा, एवढेच त्यांचे काम. यादी लांबलचक दिसे, रॅम भरलेली दिसे आणि ती रिकामी होताना पाहून मोठे समाधान वाटे. ते समाधान बहुतांशी खोटे होते.

कारण रॅम भरलेली असली म्हणून वीज अधिक लागत नाही. ती भरलेली असो वा रिकामी, तिला जागती ठेवण्यास लागणारी वीज जवळजवळ तेवढीच. अँड्रॉइडची रचनाही मुळात वेगळी होती. अ‍ॅप सोडल्यावर ते रॅममध्ये तसेच ठेवायचे, म्हणजे पुन्हा उघडताना श्रम वाचतील. आणि जागा कमी पडू लागली की कार्यप्रणालीनेच उतरंड लावून नको ती अ‍ॅप्स काढून टाकायची. समोर दिसणारे अ‍ॅप सर्वात सुरक्षित, त्यानंतर गाणी वाजविण्यासारखी सेवा देणारी, आणि फार वेळ न वापरलेली सर्वात आधी बाहेर. यादीत दिसणारी बहुतेक अ‍ॅप्स चालू नव्हतीच, झोपलेली होती. त्यांना मारले की त्यातील काही लगेच पुन्हा उभी राहत, टास्क किलर त्यांना पुन्हा मारी, आणि या झटापटीत प्रोसेसर नाहक राबे. चोर सोडून संन्याशाला सुळी, तो हा प्रकार.

याचा एक परिणाम फार त्रासदायक होता. त्या काळी अ‍ॅप असे बळाने बंद केले की त्याने कार्यप्रणालीकडे नोंदविलेले गजरही पुसले जात. रात्री झोपताना सर्व अ‍ॅप्सची साफसफाई करणाऱ्याचा पहाटेचा गजर वाजतच नसे. प्रस्तुत लेखकाची एक पहाटेची गाडी याच साफसफाईपायी चुकली आणि कित्येक दिवस दोष फोनला दिला गेला. २०१० साली आलेल्या अँड्रॉइड २.२ या आवृत्तीने एका अ‍ॅपचा दुसऱ्याला अशा रीतीने मारण्याचा अधिकार काढून घेतला.

खरे चोर वेगळे होते. पडदा विझला की प्रोसेसरनेही गाढ झोपावे, ही अँड्रॉइडची मूळ शिस्त. एखाद्या अ‍ॅपला काम पुरे करायचे असेल तर ते 'वेक लॉक' घेते, म्हणजे 'एवढ्यात झोपू नकोस' असे प्रोसेसरला सांगते. काम संपल्यावर तो लॉक सोडणे ही अ‍ॅप लिहिणाऱ्याची जबाबदारी. मध्येच काही चूक उद्भवली आणि लॉक सोडायचा राहिला, तर फोन रात्रभर टक्क जागा राहतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली अशा दोषांवर स्वतंत्र शोधनिबंधच प्रसिद्ध केला. त्याच वर्षी तेथील अभिनव पाठक, चार्ली हू आणि मायक्रोसॉफ्टचे मिंग झँग यांनी अ‍ॅपमधील वीज नेमकी कोठे जाते हे मोजले. काही मोफत अ‍ॅप्समध्ये ६५ ते ७५ टक्के ऊर्जा जाहिराती आणण्या-दाखविण्याशी संबंधित भागांत खर्च होत असल्याचे त्यांना आढळले. मोफत अ‍ॅपचे मोल असे बॅटरीतून वसूल होत होते.

दुसरा चोर म्हणजे फोनचा रेडिओ. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली मोजमापे घेऊन दाखविले, की ३जी जोडणीवर माहितीची देवघेव संपल्यावरही रेडिओ सुमारे १२ सेकंद उच्च ऊर्जेच्या स्थितीत ताटकळत राहतो. आणखी काही येईल या आशेने, दुसरे काय! नेहमीच्या आकाराच्या एका देवघेवीत जवळपास ६० टक्के ऊर्जा या ताटकळण्यात जात होती. आता हिशेब करून पाहा. एखादे अ‍ॅप दर पाच मिनिटांनी टपाल तपासत असेल, तर दिवसात २८८ खेपा होतात. प्रत्येकीमागे १२ सेकंद धरले तर ३,४५६ सेकंद, म्हणजे सुमारे ५८ मिनिटे. नवे पत्र एकही आलेले नसताना रेडिओ जवळजवळ तासभर जळत राहतो. तपासणी अर्ध्या तासावर नेली, तर हाच आकडा दहा मिनिटांच्या आत येतो. हवामान, समभाग आणि मित्रमंडळी यांची तीन अ‍ॅप्स निरनिराळ्या वेळी जागी होत असतील, तर प्रत्येकाचा तास वेगळा.

भारतात पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी मॅजिक, २००९ साली एअरटेलमार्फत आला, तेव्हा खासगी कंपन्यांची ३जी सेवा येथे सुरूच झाली नव्हती. २जीवर ताटकळण्याचा काळ निम्म्याच्या आसपास. २०१० च्या अखेरीपासून खासगी ३जी आल्यावर मात्र नवे दुखणे आले. विरळ मनोऱ्यांमुळे फोन ३जी आणि २जी यांच्यात सतत येरझारा घाली, आणि क्षीण संकेत शोधण्यात बॅटरी आटत जाई. 'केवळ २जी वापरा' असा पर्याय सेटिंगमध्ये होता. त्याखाली बॅटरी वाचते असे लिहिलेलेही असे. टास्क किलर उतरवून घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल, कोण जाणे.

गुगललाही मूळ दुखणे हळूहळूच हाताळता आले. २००९ च्या अँड्रॉइड १.६ मध्ये कोणते अ‍ॅप किती बॅटरी वापरते ते दाखविणारे पान आले. निदानाची खरी सुरुवात तेथून झाली. २.२ सोबत निरोपांची केंद्रीय सेवा आली, म्हणजे प्रत्येक अ‍ॅपने दारात जाऊन 'पत्र आहे का' विचारण्याऐवजी पत्र आल्यावर एकानेच हाक मारावी. २०१४ च्या ५.० मध्ये निरनिराळ्या अ‍ॅप्सची किरकोळ कामे एकत्र उरकण्याची सोय झाली. २०१५ च्या ६.० पासून निश्चल पडलेला फोन अ‍ॅप्सना ठरावीक अंतरानेच जागे होऊ देऊ लागला आणि २०१७ च्या ८.० ने पडद्याआडच्या सेवांवर थेट बंधने घातली. पहिल्या आवृत्तीत मिरविलेली मुभा नऊ वर्षांत अशी आवळली गेली.

मारण्याची सवय मात्र सुटली नाही. मार्च २०१६ मध्ये अ‍ॅपलकडे एका ग्राहकाने विचारणा केली, की अ‍ॅप्स बंद केल्याने बॅटरी वाचते का. कंपनीचे क्रेग फेडेरिगी यांनी नकारार्थी उत्तर दिले. अँड्रॉइडचे तत्कालीन प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याच सुमारास तसेच मत दिले. आजही लोकलमध्ये शेजारचा प्रवासी अंगठ्याने एकामागून एक अ‍ॅप वर भिरकावताना दिसतो, आणि सेटिंगमधील बॅटरीचे पान त्याने एकदाही उघडलेले नसते.