सैनिक सुटा का येतो?

टेबलावरच्या युद्धखेळाचा डबा सानपाड्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये उघडला, तर आत सैनिक नसतात. राखाडी प्लॅस्टिकची चौकट असते आणि तिला हात, धड, डोकी, ढाली लटकलेल्या असतात. खेळणारे या चौकटीला स्प्रू म्हणतात. पलीकडे तुर्भ्याच्या एमआयडीसीतला मोल्डिंगवाला तिला रनर म्हणेल, आणि भाग जिथे तिला चिकटलेला असतो त्या बारीक देठाला गेट. त्याच्या लेखी रनर म्हणजे दळून पुन्हा यंत्रात टाकायचा माल. छंदवाला मात्र तो पैसे मोजून घरी आणतो.

पूर्वी सैनिक बहुधा अख्खाच यायचा. विल्यम ब्रिटनच्या लंडनमधल्या घराण्याने 1893 मध्ये पोकळ शिशाचे सैनिक काढले. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, कडेचा थर गोठला की मधला परत ओतून घ्यायचा. धातू वाचला, किंमत उतरली. असले सैनिक जमिनीवर मांडून एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं पुस्तक लिहिलं. पुढे युद्धखेळाच्या छोट्या धातूच्या आकृत्या रबरी साच्यात ओतल्या जाऊ लागल्या. रबर वाकतं, त्यामुळे कोपर पोटाशी दुमडलेला असला तरी आकृती सुखरूप सुटते. पेणच्या गणपती कारखान्यांत प्लास्टरच्या मूर्तीला रबरी साचा लागतो तो याच सोयीसाठी. आणि तिथेही हातासारखे अवघड भाग वेगळे काढून जोडतात.

प्लॅस्टिकची डाय, म्हणजे साचा, पोलादी. दोन अर्धे घट्ट मिटतात, वितळलेलं प्लॅस्टिक मोठ्या दाबाने आत शिरतं, थिजतं, आणि अर्धे सरळ रेषेत मागे सरकतात. सरळ रेषेत, हीच गोम. छातीवर आडवी बंदूक धरलेला शिपाई असेल तर बंदुकीमागच्या पोकळीत पोलाद अडकतं आणि शिपाई बाहेर निघत नाही. मग बंदूक वेगळी, हात वेगळे, धड वेगळं. प्रत्येक तुकडा असा पाडायचा की डायला तो सरळ सोडता यावा. सैनिकाचे सांधे शरीरशास्त्राने कमी आणि डाय बनवणाऱ्याने जास्त ठरवलेले असतात.

सगळं डायच्या माथी मारून मात्र चालणार नाही. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने 1939 मध्ये इंग्लंडात एअरफिक्स काढली. आधी रबरी हवा भरायची खेळणी, मग इंजेक्शन मोल्डिंगचे कंगवे. 1949 मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी छोटा ट्रॅक्टर करायचं काम आलं. तो हाताने जोडून द्यावा लागे. खर्च उतरवायला कंपनीने तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत वूलवर्थच्या दुकानांतून विकायला काढला. म्हणजे जोडणीची मजुरी गिऱ्हाइकावर ढकलली, आणि गिऱ्हाइकाने तिला छंद म्हटलं! धंद्याच्या इतिहासात इतकी गोड फसवणूक क्वचितच सापडेल.

याच कंपनीने 1959 पासून अख्खे सैनिकही काढले, पण मऊ पॉलिथीनचे. ते स्वस्त आणि चिवट होते, फक्त रंग टिकत नसे आणि नेहमीचा गोंद धरत नसे.  जोडायचा सैनिक मात्र पॉलिस्टायरीनचा लागतो. तो जोडायला जे ‘सिमेंट’ वापरतात ते गोंद नसतंच, ते द्रावक असतं. दोन्ही कडा किंचित विरघळतात, एकमेकींत मिसळतात, आणि द्रावक उडाला की सांधा एकसंध होतो. इंग्लंडातल्या गेम्स वर्कशॉप कंपनीने 1987 मध्ये 30 प्लॅस्टिकच्या ‘स्पेस मरीन’ सैनिकांचा डबा काढला, तेव्हा सुटे हात, सुटी डोकी यांतून प्रत्येक सैनिकाची ढब बदलता येऊ लागली. अडचणीतून आलेली गोष्ट विक्रीचा मुद्दा झाली.

तयारीची रीतही डायनेच घालून दिली आहे. चौकट आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची, कारण साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेलं तेलकट अस्तर राहिलं तर रंग धरत नाही. कटर गेटपाशी लावताना थोडा देठ राखायचा, मग पात्याने सपाट करायचा. एकदम मुळाशी कापला तर खड्डा पडतो. डायचे अर्धे जिथे मिटले तिथे अंगभर बारीक रेघ उठते, ती पात्याच्या उलट्या कडेने खरवडायची. रंगाखालचा थर देताना सानपाड्याचा पावसाळा आडवा येतो. दमट हवेत स्प्रे मारला तर तो पांढुरका, खरखरीत बसू शकतो, म्हणून चार दिवस उघडिपीची वाट बघितलेली बरी.

आता घरगुती थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचे सैनिक निघतात. तिथे डाय नाही, त्यामुळे आडवी बंदूक छातीशी धरून शिपाई अख्खा छापता येतो. पण लोंबणारे भाग छापताना कोसळू नयेत म्हणून त्यांना खालून बारीक टेकू द्यावे लागतात. ते तोडल्यावर अंगावर टिकल्या उठतात, आणि त्या घासायला कानस घेऊन बसावंच लागतं.