मुलांचे डेबिट कार्ड आणि एक जुना प्रश्न

पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती आता बँकेचे डेबिट कार्ड दिसते. अनेकांना ती नव्या काळाची चैन वाटते. पण त्यामागचा प्रश्न फार जुना आहे: मुलाच्या मालकीचा पैसा त्याच्या हाती केव्हा सोपवायचा?

इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने याचे उत्तर वयावरून दिले. 1872 च्या करार कायद्याने अज्ञान व्यक्तीला करारास अपात्र ठरवले. 1875 च्या कायद्याने सज्ञानतेचे सर्वसाधारण वय 18 धरले. 1895 मध्ये कलकत्त्याच्या धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने 20,000 रुपयांसाठी आपली मालमत्ता एका सावकाराकडे गहाण टाकली. खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1903 मध्ये निकाल लागला की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल आहे. सावकाराचे गहाणखत कागदावरच राहिले.

मुलाला स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड का मिळत नाही आणि डेबिट कार्ड का मिळू शकते, याचे मूळ इथे आहे. डेबिट कार्डात उधारी नाही. खात्यात असेल तेवढेच निघते. 1976 मध्ये रिझर्व्ह बँकेने आईला पालक म्हणून मुलाचे खाते उघडण्याची मुभा दिली, तेव्हा अट हीच होती की खात्यातून शिल्लकीपेक्षा जास्त रक्कम निघू नये. मे 2014 मध्ये 10 वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडून चालवण्याची परवानगी मिळाली. एटीएम कार्ड, चेकबुक द्यायचे की नाही हे बँकांवर सोडले, पण ही अट कायम राहिली. 2025 च्या सुधारित नियमांतही ती आहे.

कुरआनने हाच प्रश्न अनाथांच्या संदर्भात हाताळला आहे. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांची पारख करत राहण्याची, लग्नाच्या वयाला पोहोचल्यावर समंजसपणा दिसला की त्यांची संपत्ती साक्षीदारांसमक्ष सोपवण्याची आज्ञा आहे. ते मोठे होतील म्हणून घाईघाईने त्यांचा माल खाऊन टाकू नका, अशी पालकाला ताकीदही आहे. म्हणजे वयाबरोबर ‘रुश्द’ही हवा.

ही पारख करायची कशी, यावर फकीहांत मतभेद झाले. हनफींच्या मते समज आलेल्या मुलाने पालकाच्या परवानगीने खरेदी-विक्री करावी. शाफईंच्या मते मुलाने भाव करावा, सौदा मात्र पालकाने पुरा करावा. पण पालकाचा ताबा कायमचा नसावा, म्हणून इमाम अबू हनीफांनी 25 व्या वर्षानंतर मालमत्ता अडवून ठेवायला नकार दिला.

आज हा प्रश्न आपल्या घरात आहे. शिष्यवृत्ती मुलीच्या खात्यात जमा होते. कार्ड मात्र वडिलांच्या खिशात आणि पिन मोठ्या भावाच्या तोंडपाठ. पैसा तिचा, पण किती आला आणि कुठे गेला हे तिलाच ठाऊक नाही. मग तिची पारख व्हायची कधी?

मर्यादा घालाव्यात, हिशेब मागावा, पिन कोणालाही सांगू नये हे शिकवावे. पण दर महिन्याला थोडा खर्च तिला स्वतः करू द्यावा. चुकली तर शे-दोनशे रुपये जातील. व्यवहार कधी केलाच नाही, तर पुढे मेहर आणि वारशाचा पैसाही ती दुसऱ्याच्याच हाती ठेवील.