शके १५५२ चा दुष्काळ आणि वतनाचे कागद

जुन्या महजरांत व खरेदीपत्रांत दुष्काळाचा उल्लेख बहुधा प्रस्तावनेदाखल एका ओळींत येतो. वाचणारा ती ओलांडून वतनदारांच्या नांवांकडे व शिक्क्यांकडे वळतो. वास्तविक पुष्कळदां सगळ्या व्यवहाराचें मूळ त्या ओळींतच असतें.

इ. स. १६३० (शके १५५२) सालीं गुजराथ व दख्खन या दोन्ही प्रांतीं पाऊस गेला. गुजराथेंत संवत् १६८७ वरून यास ‘सत्याशियो काळ’ म्हणतात. दुसऱ्या वर्षीं अतिवृष्टीनें पीक नेलें व मागोमाग रोगराई आली. त्याच वेळीं निजामशाहीवरील मोहिमेसाठीं शहाजहानाचा तळ बऱ्हाणपुरास होता; जें धान्य मिळे तें वंजाऱ्यांच्या तांड्यांवरून फौजेकडे वळे. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी याच दिवसांत सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला. रस्त्यांतील प्रेतांचीं त्यानें केलेलीं वर्णनें प्रसिद्धच आहेत. गुजराथेंतील कोष्टी मेले किंवा परागंदा झाले, आणि इंग्रज व वलंदेज वखारींस कापड व नीळ मिळेनाशी झाली. मागणी होती, पैसाही होता. विणणारा हात नव्हता.

अब्दुल हमीद लाहोरी बादशहाच्या औदार्याचे आंकडे देतो. बऱ्हाणपुरास दर सोमवारीं ५,००० रुपये, याप्रमाणें वीस आठवड्यांत १ लक्ष वांटले. खालशाच्या वसुलांत सुमारें ७० लक्षांची सूट दिली. पहिला आंकडा दानाचा खरा. दुसऱ्याविषयीं मात्र आमचें मत निराळें आहे. ज्या गांवीं कुळ नाहीं, बैल नाहीं, तेथील सारा माफ करणें म्हणजे जो येणारच नव्हता तो वहींतून खोडणें होय. तगाई दिल्यावांचून नुसत्या माफीनें जमीन लागवडीस येत नाहीं.

पुणें प्रांतीं हें स्पष्ट दिसतें. तेथें दुष्काळाच्या जोडीस १६३० मध्यें मुरार जगदेवानें कसबा जाळून उध्वस्त केला. ओसाडीचा दोष कोणाकडे किती, हें वेगळें काढणें कठीण. दादोजी कोंडदेवानें पुढें कौल देऊन, आरंभीं हलका व वर्षागणिक चढता असा इस्तावा बांधून रयत परत आणविली, असें बखरकार सांगतात. देहूस तुकोबांचा वाण-व्यवसाय याच सुमारास बसला व पहिली बायको अन्नावांचून गेली, हें त्यांच्या अभंगांवरून कळतें. कर्जखतें इंद्रायणींत बुडविल्याची हकीकत परंपरेची आहे. ती खरी धरल्यास, त्यांतील किती खतें वसूल होण्याजोगीं उरलीं होतीं, हाही विचार करावा.

संग्राहकांस एक सूचना. पोटासाठीं विकलेल्या पाटिलकीचा किंवा सोडून दिलेल्या मिराशीचा वाद, परागंदा झालेला धनी अथवा त्याचा मुलगा परत आल्यावर उभा राही, आणि महजर तेव्हां होई. यास्तव या दुष्काळाचा शोध पुढील दोन पिढ्यांच्या कागदांतही घेतला पाहिजे.